खोटी ठरवलेली टेप

मित्रांनो, शिंप्याच्या गळ्यात हयात घालवलेली आणि आता खुंटीला लटकणारी मी एक जुनी टेप आहे. माझ्यावरचे आकडे पुसट झाले आहेत. पण मी सांगते आहे ती गोष्ट झिजण्याची नाही. माझे माप खरे असताना ते खोटे ठरवले गेले आणि त्याची शिक्षा भलत्याच माणसाने भोगली, ती ही गोष्ट.

माझे मालक कापड बेतत, मालकीणबाई काजे-बटणे करीत. मालकांच्या मापाला तोड नाही, असे गिऱ्हाइके म्हणत. तेव्हा मीही फुशारून जाई.

एके दिवशी मालकीणबाईंनी कापडाचा तागा उचलला आणि त्यांच्या पाठीत कळ आली. "उसण भरली असेल," मालक म्हणाले. त्या पाठ शेकत राहिल्या आणि ओठ मिटून कामाला बसत राहिल्या. पुढे मालकांनी त्यांच्यासाठी गाऊन बेतायला घेतला. खांद्यापासून घोट्यापर्यंत मला सोडले, तर माप नेहमीपेक्षा कमी भरले.

"ही टेप ताणली गेली," मालक म्हणाले. टेप ताणली की आकडे लांब सरकतात आणि माप कमी भरते, हे खरेच आहे.

"अहो, टेप कसली ताणते? मीच खचले असेन."

"तुझं माप मला तोंडपाठ आहे. गप्प उभी राहा."

मी चिंध्यांच्या खणात गेले. गाऊन जुन्याच मापाने शिवला गेला आणि जमिनीवर लोळू लागला. नवऱ्याचा हात चुकला असे दिसू नये म्हणून मालकीणबाईंनी तो दुमडून घेतला नाही. एका हाताने उचलून धरून त्या वावरत राहिल्या. एका सकाळी त्यांचे दोन्ही हात इस्त्रीच्या कपड्यांनी भरलेले होते. पाय काठात अडकला आणि त्या धपकन खाली बसल्या. त्यानंतर कूस बदलली तरी त्या किंचाळत.

लेक धावून आली. आईला डॉक्टरांना दाखवून परतताच तिचा आवाज मला खणात ऐकू आला.

"बाबा, डॉक्टरांनी हिची उंची कमी झाली का विचारलं, तर तुम्ही नाही म्हणालात!"

"नाहीच झाली. ती टेप ताणलेली—"

"कुठाय ती टेप?"

तिने मला बाहेर काढले आणि टेबलावर कापड मोजायच्या लोखंडी गजाशेजारी अंथरले. रेघेला रेघ जुळली. मालकांनी सगळ्या रेघा पुन्हा एकदा जुळवून पाहिल्या.

दोन मणके दबले होते. एक जुना, एक ताजा. पडून राहून आणि औषधे घेऊनही कळ ओसरेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाठ उघडायची नाही. बारीक सुईने ताज्या मणक्यात हाडाचं सिमेंट भरायचं. ते क्वचित बाहेर झिरपतं, तेवढा धोका आहे. दुखणं बहुधा कमी होईल. गेलेली उंची मात्र परत येईलसं नाही."

"म्हणजे मी काय गळकी भिंत?" मालकीणबाई म्हणाल्या. लेक हसली. मालकांना हसू आले नाही.

मणक्यात सिमेंट भरले जात असताना बंद दाराबाहेर मालकांनी मला मुठीत असे पिळले, की माझे धागे कुरकुरले.

मालकीणबाई दुसऱ्या दिवशी घरी आल्या. भिंतीला धरून का होईना, उभ्या राहिल्या. कळ पुष्कळ उतरली होती. पण हाडे ठिसूळच होती आणि आणखी एखादा मणका दबण्याची भीती डॉक्टरांनी बोलून दाखवली होती. मालक त्यांना वरचेवर मोजू लागले.

"किती मोजाल? मी काय ताग्यातलं कापड आहे?"

एकदा माप पुन्हा किंचित कमी भरले. मालकांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी मला गजाशेजारी अंथरले. मित्रांनो, आपण खोटे ठरावे, असे त्या क्षणी मला आयुष्यात प्रथमच वाटले.

माझी रेघ गजाच्या रेघेपुढे किंचित सरकलेली होती. त्या पिळण्याने मी खरोखरच ताणले गेले होते.

"टेपच आहे गं, टेपच!" मालक म्हणाले आणि मला छातीशी धरून रडले.

म्हणून विनवते, घरातल्या कोणाचे माप कमी भरले, तर मापाला जरूर तपासा; पण आधी त्या माणसाकडे वळून विचारा, "कुठं दुखतंय का?" मालक आता नव्या टेपने मोजतात. मोजण्याआधी ते विचारतात. मी खुंटीवरून ऐकते, आणि उत्तर येईपर्यंत माझाही जीव टांगणीला लागतो.