एक दिवस आड

तेरा महिने एक दिवस जेवायचं आणि एक दिवस उपास करायचा. उपासाला फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंतच. आम्हा जैनांत याला वर्षीतप म्हणतात. शहाद्याच्या उन्हाळ्यात ते करणं म्हणजे काय, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी एकटीच धरणार होते. पण आमचे शेठ, पारसमल, कापड मोजताना बोटभरही कमी न देणारा माणूस, म्हणाले, "एकटी कशाला? जोडीनं करू." मला केवढा आनंद झाला! एकेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आपणहून माझ्यासोबत करायला घेतलेली ही पहिलीच गोष्ट.

गेल्या जेठात रोज आभाळ भरून यायचं आणि थेंब पडायचा नाही. नुसता उकाडा. कूलर लावला की अंग आणखीच चिकचिकायचं, म्हणून मी मानेवर ओलं फडकं टाकून फरशीवर पडून राहायचे. एका उपासाला दिवेलागणीच्या वेळी वीज गेली. मला भोवळ आली आणि हात आपोआप माठाकडे गेला. शेठनी मनगट धरलं.

"सूर्य मावळला, धनकंवर. मीही तहानलेलाच आहे ना? माझ्याकडे बघ."

मी बघितलं आणि हात मागे घेतला. पुढे जेव्हा जेव्हा जीव कासावीस झाला, तेव्हा मी देवाकडे नाही, त्यांच्याकडे बघितलं.

पारणं, म्हणजे तप सोडणं, अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडच्या आखाजीला, उसाच्या रसानं होतं. रस शुद्ध हवा म्हणून आदल्या दिवशी, शेवटच्या उपासाला, भर उन्हात मी स्वतः म्हसावद रस्त्यावरच्या रसवंतीवर गेले. सुनेला पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

"चरक गरम पाण्यानं धू, रस गाळून दे," मी रसवाल्या हेमराजला बजावलं. "बरफ नको. आणि आलं तर मुळीच नको, आमच्यात कंद चालत नाही."

हेमराज हसला. "काय काकी! शेठले ते आलं बी चालस, बरफ बी. बठा ना, ती शेठनीच खुर्ची शे."

"कुठले शेठ?"

"आपला पारसशेठ. मांगला उन्हायामा बी असंच. एक दिन आड, बरोबर चार वाजता. दोन गिलास."

एक दिवस आड! जेवणाच्या दिवशी चार वाजता ते घरी माझ्या हातचं ताक प्यायचे. म्हणजे राहिले ते उपासाचे दिवस. ज्या संध्याकाळी त्यांनी माझं मनगट धरलं, त्या दिवशीही चारला त्यांच्या पोटात दोन गिलास गारेगार रस होता. केसानं गळा कापला माझा. माझी तहान खरी होती, पण जिच्या आधारानं मी ती सोसली ती त्यांची तहान खोटी होती. मी त्या खुर्चीवर बसले नाही.

घरी आले तर शेठ मानेवर ओलं फडकं टाकून पडले होते.

"आज फार उकडतंय गं," ते म्हणाले. "पण शेवटचाच दिवस."

"हो," मी म्हणाले. "शेवटचाच."

आखाजीला मंडप माणसांनी भरला होता. जोडीनं तप केलं म्हणून आम्हाला सगळ्यांत पुढे बसवलं. पुकारा झाला, "आधी धनकंवरबाई पारसमलजींना रस पाजतील." टाळ्या वाजल्या. मी चांदीची लोटी त्यांच्या ओठांशी नेली आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हणाले, "यात बरफ नाही, आलंही नाही. जाईल ना घशाखाली?"

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दोन घोट घेताना ठसका लागला. मग त्यांनी लोटी माझ्यापुढे धरली. मी तोंड फिरवलं.

"फाल्गुनी बेटा," मी सुनेला हाक मारली, "तू पाज मला."

लोकांना वाटलं, सासूचा सुनेवर किती जीव! पुन्हा टाळ्या वाजल्या. शेठ भरलेली लोटी हातात धरून तसेच बसून राहिले.