कमी मेमरीची मशिनं

तलवाड्याच्या समाजमंदिरात त्या दुपारी पोलीस भरतीची सराव परीक्षा चालू होती. सुकन्याचा निम्मा पेपर सोडवून झाला होता, एवढ्यात पडद्यावर सूचना आली: मेमरी कमी आहे, चालू प्रोग्राम बंद करा. तिनं माउस हलवून पाहिला, बाण जागचा हलेना. शेवटी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, तर सोडवलेलं सगळं गेलेलं.

"ताई, मी न्हाई येणार आता," ती चैतालीला म्हणाली. "रोज घरी भांडून येते मी. आन् इथं हे असं."

बीडला संगणकाची पदवी घेऊन चैताली गावात परतली होती. तिथल्या एका कंपनीनं अडगळीत टाकलेले संगणक तिनंच मागून आणले होते, वस्तीतल्या पोरींसाठी. त्यांच्या घरात मोबाईल असायचा, पण तो भावाच्या खिशात. मशिनं धड होती, फक्त मेमरी तोकडी. जास्तीची घालावी तर त्यांच्या बोर्डावर बसायचीच नाही.

बातमी उपसरपंच बद्रीनाथपर्यंत जायला वेळ लागला नाही. समाजमंदिराची खोली त्याला आपलं सिमेंट ठेवायला हवीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात उभा राहिला. समाजमंदिराची किल्ली चैतालीच्या वडिलांकडं, आश्रुबाकडं असायची. बद्रीनाथ त्यालाच म्हणाला, "आश्रुबा, हे भंगार कावून सांभाळतूस? सोमवारी माझा टेम्पो येतोय. खोली रिकामी कर."

आश्रुबा काही बोलायच्या आत चैताली पुढं आली. "भंगार न्हाई ते. चालतंय. सोमवारी या आन् सोता बसून बघा."

"चालतंय म्हनं!" बद्रीनाथ हसत गेला.

तो गेल्यावर आश्रुबानं विचारलं, "पोरी, तोंडानं बोलून बसलीस. चालतील का?"

"चालवीन."

ती मशीनसमोर बसली आणि मेमरी कोण खातंय ते बघायला लागली. कुणी न मागितलेले प्रोग्राम मागं गुपचूप चालू होते, छपाईचा एक तर प्रिंटर नसतानाही. तिनं एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. त्यानं मेमरीवर सतत लक्ष ठेवायचं, आणि ती संपत आली की सूचना येण्याआधीच रिकामटेकडे प्रोग्राम बंद करून जागा मोकळी करायची. शेतावर राखण असते तशी. म्हणून नावही तिनं तेच दिलं: राखण.

सुकन्याला तिनं घरी जाऊन बोलावून आणलं. पहिल्याच चाचणीत राखणीनं सगळ्यात जास्त मेमरी खाणारा प्रोग्राम हेरला आणि फटकन बंद केला. तो सुकन्याचा पेपरच होता.

"ताई!" सुकन्या ओरडली. मग दोघींनाही हसू आवरेना.

आपली चूक चैतालीच्या लक्षात आली. जास्त खातो तो नको असलेला, असं थोडंच असतं. माणूस ज्यावर काम करतोय त्याला हात लावायचा नाही, एवढी अट तिनं घातली. शिवाय सोडवलेला प्रत्येक प्रश्न लगेच साठवला जाईल अशी सोय सराव परीक्षेत केली. मग सुकन्यानं पेपर पुन्हा सुरू केला आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत नेला.

सोमवारी टेम्पो आला तेव्हा आत पोरी परीक्षेला बसल्या होत्या. बद्रीनाथनं मशिनांकडं पाहिलं, रिकामी खुर्ची ओढली आणि तिथल्या संगणकावर गाणी लावली, व्हिडिओ लावले, एकावर एक खिडक्या उघडत सुटला. टेम्पोवाला दारातून बघत होता. मशीन कण्हल्यासारखा आवाज करायला लागलं, पण थिजलं नाही. मागच्या खिडक्या आपोआप मिटल्या आणि पडद्यावर चैतालीनं लिहिलेली ओळ आली: मेमरी कमी हाय. वापरात नसलेलं बंद केलंय. तुमचं काम चालू द्या.

टेम्पोवाल्याला हसू फुटलं.

बद्रीनाथ उठला. "चालू दे न्हाईतर बंद पडू दे, मला काय त्याचं? खोली मला पायजे. उठा ग पोरींनो."

एकही पोरगी उठली नाही. सुकन्यानं पडद्यावरची नजरसुद्धा काढली नाही. "काका, हळू बोला. पेपर चालू हाय."

"आश्रुबा, सांग तुझ्या लोकांला!"

आश्रुबा दारात आला. आयुष्यभर तो या माणसापुढं मान खाली घालून बोलला होता. आज त्यानं मान वर ठेवली. "समाजमंदिर समाजाचं हाय, बद्रीनाथभाऊ. सिमिटाचं न्हाई. पोरी उठायच्या न्हाईत, आन् मी किल्ली द्यायचा न्हाई."

"ग्रामसभेत बघतो तुमाला."

"या की," चैताली म्हणाली. "आमी समद्या येतोय."

त्या खरंच गेल्या, आयांना घेऊन. पुढची सगळी जागा त्यांनी धरली. बद्रीनाथनं विषय काढला, तेव्हा त्या आयांमधली वच्छलाबाई उभी राहिली आणि पोरी शिकत्यात त्या जागेवर सिमेंट कशाला, एवढंच तिनं विचारलं. सरपंचांनी इकडंतिकडं पाहिलं आणि पुढचा विषय घेतला. बद्रीनाथ त्या दिवसापासून चैतालीच्या घरच्यांशी बोलत नाही.

पुढच्या महिन्यात चैताली राखण पेन ड्राइव्हवर घेऊन चकलांब्याच्या एका शाळेत गेली. तिथले संगणक कापडाखाली झाकून ठेवलेले होते.

"जुने झालेत हो," मुख्याध्यापक म्हणाले. "मेमरी पुरत न्हाई. काढून टाकायचं ठरलंय."

"ठरू द्या," चैताली म्हणाली आणि पहिल्या मशीनवरचं कापड ओढून काढलं. "बटण कुठंय?"