शालीत बांधलेलं बिस्कीट

शनिवारी दुपारी इक्वाडोरच्या राजधानीत, कितोच्या एका हॉटेलात दोनशे विद्वान माणसं एका पाच वर्षांच्या मुलीला हसली, तेव्हापासून लुसमिला पेरुगाचीचं डोकं तापलेलं होतं. रविवार गेला, सोमवार उजाडला, ती इबार्राला संशोधन संस्थेत कामावरही आली, तरी ते निवेना.

परिषदेहून परत आल्यावरची बैठक ही संस्थेचे प्रमुख डॉक्टर फाउस्तो एग्वेस यांची लाडकी प्रथा. सगळ्यांनी टेबलाभोवती बसायचं, कॉफी घ्यायची आणि परिषदेतून आपण काय शिकलो ते एकेकाने सांगायचं. ही परिषद मानवी विकासावरची होती. मुलं कशी वाढतात, कशी शिकतात, कुठली मागे पडतात आणि का, असं सगळं तीन दिवस चाललं होतं. त्यात डॉक्टरांचा शोधनिबंध गाजला होता. स्वारी खूश होती, इतकी की येताना कायाम्बेला गाडी थांबवून त्यांनी लोण्यात भाजलेल्या बिस्कोचो बिस्किटांचा अख्खा खोका आणला होता.

गाजला तो शोधनिबंध लुसमिलाच्याच गावातल्या मुलांवर लिहिलेला होता. प्रयोग साधा. मुलाला खोलीत एकटं बसवायचं, समोर एक बिस्कीट ठेवायचं आणि सांगायचं, 'मी परत येईपर्यंत हात लावला नाहीस तर दोन मिळतील.' जे थांबतं त्याला मन आवरता येतं, जे हात लावतं त्याला येत नाही. गावच्या बालवाडीतल्या बहुतेक सगळ्या पोरांनी हात लावला होता. परिषदेत डॉक्टरांनी त्याचा व्हिडिओ दाखवला. प्रयोग घेणाऱ्या बाईंची पाठ वळते न वळते तोच लुसमिलाच्या भाचीने, यारिनाने, बशीतलं बिस्कीट उचललं. सभागृह खो खो हसलं आणि व्हिडिओ तिथेच संपला.

पुढे काय झालं ते लुसमिलाला ठाऊक होतं, कारण त्या दिवशी ती पडद्याआड उभी होती. यारिनाने बिस्कीट खाल्लंच नव्हतं. शालीच्या टोकाला गाठ मारून तिने ते धाकट्या भावासाठी बांधून घेतलं आणि दार उघडेपर्यंत हाताची घडी घालून बसून राहिली. त्या खोऱ्यात कुणी काही खायला दिलं तर घरच्यांचा वाटा बांधून न्यायचा असतो. त्याला वान्ल्या म्हणतात. दिलेलं बशीत तसंच पडू देणं म्हणजे देणाऱ्याचा अपमान. हे तिथल्या पोरांना वेगळं शिकवावं लागत नाही.

आणि या हसण्यावारी नेलेल्या पोरीच्या जिवावर डॉक्टर बुधवारी नगरपालिकेला सांगणार होते की, गावातल्या आयांनी चालवलेली बालवाडी मुलांना काही वळण लावत नाही. ती बंद करा आणि मुलांना शहरातल्या केंद्रात पाठवा. त्या निबंधावर दुसरं नाव लुसमिलाचं होतं. घरोघर जाऊन आयांना राजी करणारीही तीच.

बैठक सुरू झाली. कॅमेरा सांभाळणारी वेरोनिका नव्या ओळखींबद्दल बोलली. आणखी एकाने हॉटेलच्या व्यवस्थेचं कौतुक केलं. लुसमिला ऐकत होती, नव्हती. हाताच्या सवयीने तिने एक बिस्कोचो कागदी रुमालात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. तो यारिनासाठी होता.

"बघा, बघा!" डॉक्टर ओरडले. "आमच्या लुसमिलाला बैठक संपेपर्यंतसुद्धा दम निघेना! करा हिला नापास!"

टेबल हसलं. शनिवारी ऐकलं होतं तेच हसू.

"करा नापास," लुसमिला म्हणाली. "माझ्या भाचीला केलंत तसंच. खाल्लं तिनेही नव्हतं."

"अगं, गंमत केली मी."

"शनिवारीही गंमतच केलीत ना? व्हिडिओ बरोबर तिथेच कसा तोडलात, डॉक्टर? पुढचा कुठे गेला?"

"वेळ किती दिला होता मला? सगळं कसं दाखवणार?"

"म्हणजे पुढचं तुम्हाला माहीत होतं."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "अर्थात माहीत होतं. प्रत्येक व्हिडिओ मी स्वतः बघतो. पण नियम म्हणजे नियम. हात लावला की नापास, जगभर असंच मोजतात. तुझ्या गावासाठी वेगळी फूटपट्टी काढली तर तुलना कशाशी करू?"

रविवारभर लुसमिला मनातल्या मनात या माणसाची बाजू घेत होती. कामात असतात, त्यांनी पूर्ण बघितलं नसेल, समजावून सांगितलं तर ऐकतील, असं स्वतःलाच पटवत होती. आता तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पोर सकाळपासून उपाशी होती! तरी बिस्कीट भावासाठी बांधून ठेवलं तिने. आणि तुम्ही म्हणता तिला मन आवरत नाही? हा खोका बघा. बैठक अजून अर्धी व्हायची आहे, तोच निम्मा फस्त. कुणाला आवरलं इथे? कुणी घरी नेला एक तरी?"

कुणीतरी तोंडातला घास घाईघाईने गिळला. वेरोनिका टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत बसली.

"आवाज खाली," डॉक्टर म्हणाले. "भावनांवर शास्त्र चालत नाही. आणि तू या टेबलापर्यंत कुणामुळे आलीस तेही जरा आठव."

"आठवतंय. म्हणून तर लाज वाटते. माझं नाव काढा त्या निबंधावरून."

"काढतो की. निबंध राहीलच. आणि बुधवारी मी नगरपालिकेत जाणारच."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं. तिने पिशवी उचलली आणि ती निघाली.

जिन्यात वेरोनिका धापा टाकत मागून आली. तिने लुसमिलाच्या मुठीत पेनड्राइव्ह कोंबला. "पूर्ण व्हिडिओ आहे. मी दिला म्हणू नकोस हं. माझं कंत्राट जूनमध्ये संपतंय गं."

"आभारी आहे," लुसमिला म्हणाली. तिच्या तोंडून ते शिवीसारखंच निघालं.

गावात बस पोचली तेव्हा बालवाडीच्या चुलीवर मक्याचं मोठं पातेलं रटरटत होतं. यारिनाची आई, लुसमिलाची चुलत बहीण रोसा एलेना, ते ढवळत होती. यारिना धावत आली, मावशीच्या हातातला बिस्कोचो घेतला आणि भावाला हाका मारत अंगणात पळाली.

लुसमिलाने सगळं सांगितलं. सभागृह, बशी, खोका, बुधवार. डॉक्टरांची नक्कल केली, वेरोनिकाला भित्री म्हणाली, त्या दोनशे विद्वानांचा उद्धार केला. रोसा एलेना नुसती ढवळत राहिली.

"माझ्या पोरीला हसले?" शेवटी तिने विचारलं.

"हसले."

"सगळे?"

"सगळे."

"आणि तू कुठे होतीस?"

"तिथेच. तिसऱ्या रांगेत."

"मग? काय बोललीस?"

लुसमिलाने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मधे बोलायची पद्धत नसते तिथे. प्रश्न शेवटी घेतात. मी थांबले. मग त्यांचा वेळच संपला."

रोसा एलेनाचा डाव पातेल्यात थांबला. "माझ्या पोरीला हसत होते आणि तू मूग गिळून बसलीस."

"थांबले म्हटलं ना."

"हो. थांबलीस." रोसा एलेनाने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "मग दोन बिस्किटं मिळाली का?"

लुसमिलाने मान वळवली. अंगणात भावाच्या तोंडाला चुरा लागला होता आणि यारिना उरलेला तुकडा शालीच्या टोकाला बांधत होती, बहुतेक आईसाठी.

"बुधवारी आपण सगळ्या जणी..." लुसमिलाने सुरुवात केली आणि 'बुधवारी' हा शब्द तिचा तिलाच खटकला.

मग ती खाली बसली आणि तिने चुलीतली जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढली.

"पोरांना शेजारी ठेव," ती म्हणाली. "बाकीच्या आयांना हाक मार. नगरपालिका अजून उघडी असेल. आत्ता निघू."