ओलं सिमेंट

गवंड्याच्या खुब्यात सिमेंट भरलं, तेही सुईनं. फुप्फुसातला कॅन्सर खुब्यात उतरून त्यानं हाड पोखरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन बारीक छिद्रं पाडली, आतली कीड जाळली, सिमेंट सोडलं, स्क्रू आवळले आणि वर दोन पट्ट्या चिकटवून मोकळ्या झाल्या. आयुष्यभर घमेल्यानं माल ओतलेल्या माणसाला हे काम मुळीच पसंत पडलं नाही.

दुपारीच त्या म्हणाल्या, "काका, चला, उभे राहा."

"सिमेंट ओलं आहे."

"हे टेबलावरच घट्ट झालंय. तुमच्या स्लॅबसारखं नसतं ते."

"कंत्राटदार असंच सांगतात."

दुसऱ्या दिवशीही गडी आडवाच. व्यायाम करून घेणारी पोरगी वॉकर घेऊन आली नि हात टेकून गेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आवाज चढवला. असंच पडून राहिलात तर छाती भरेल, पायांतली ताकद जाईल आणि मग कायमचं अंथरूण धराल.

"हे टिकणार किती?" त्यानं विचारलं.

"तुम्ही आहात तोवर नक्की."

"म्हणजे माल फार भारीतला नाही."

बाईंचा चेहरा पडला. तो मात्र खो खो हसला. त्याची बायको हसली नाही.

तिनं जन्मभर त्याच्या हाताखाली माल कालवला होता. सिमेंटबिमेंट सब झूट, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गेल्या महिन्यात मोरीत पाय दगा देऊन गेला, तेव्हापासून त्याची पाचावर धारण बसली होती. पण घाबरलोय म्हणण्यापेक्षा सिमेंटला नावं ठेवणं सोपं. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली.

स्लॅबचे टेकू काढायची वेळ आली की हा शहाणा स्वतः खाली जाऊन उभा राहायचा. पडला तर आधी माझ्यावर पडू दे, म्हणायचा. त्यावरून ती दर इमारतीला त्याच्याशी भांडली होती आणि दर वेळी बाहेर जीव मुठीत धरून उभी राहिली होती.

व्यायामवाली पुन्हा आली. तिनं त्याला पलंगाच्या कडेला बसवून कमरेचा पट्टा धरला. बायकोनं वॉकर बाजूला सारला आणि ती त्याच्या अगदी पुढ्यात, छातीला छाती भिडेल अशी उभी राहिली.

"बाजूला हो. पडलो तर तुझ्यावर पडेन."

"माहीत आहे. उठा."

"वेड लागलंय का तुला?"

"तुम्ही खाली उभे राहायचात, तेव्हा मला विचारलं होतंत?"

त्यानं तिचे खांदे धरले, शिवी हासडली आणि उठला. आधी चांगल्या पायावर, मग हळूच दुसऱ्यावर. खुबा गपगुमान उभा होता.

"धरलंय," तो म्हणाला. "हो बाजूला आता."

तिनं त्याच्या कमरेला घट्ट मिठी घातली.

"राहू द्या," ती म्हणाली. "सिमेंट ओलं आहे."