इराक्लिसचा माजलेला ओरेगानो

ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या डोंगराळ गावांत इराक्लिसने तीस वर्षं शेती अधिकारी म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर त्याने घरामागे ओरेगानो लावला, तोही शेतकऱ्यांना दिलेल्या स्वतःच्या भाषणांना जागून. काळी माती आणवली, खत घातलं, ठिबकच्या नळ्या टाकल्या. जूनपर्यंत झाडं मांडीला लागली. इराक्लिसने त्यांचे फोटो काढून जुन्या कचेरीत पाठवले.

गावच्या जत्रेत बोकडाचं मटण असतं. त्याला ओरेगानो घालायचा मान शेजारच्या आर्गिरोमावशींचा. त्या ऐंशीला टेकलेल्या.

"यंदा माझा घालू का, मावशी?"

"घाल की, बाळा. एवढी मेहनत केलीयस."

त्याने तीन मुठी चुरून घातल्या. पंगत बसली. पाद्रीबाबांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "यंदा ओरेगानो राहिला वाटतं?"

इराक्लिस उठला आणि त्याने आणखी चार मुठी टाकल्या. मग बोकड पालकात शिजवल्यासारखा लागू लागला.

दुसऱ्या दिवशी मावशी त्याला वरच्या खडकाळ उतारावर घेऊन गेल्या. धापा टाकत त्याने आधाराला एक खुरटं, राखाडी झुडूप धरलं. तळहाताला असा झणझणीत वास लागला, की त्याला शिंक आली.

"हा ओरेगानो," मावशी म्हणाल्या. "इथे माती नाही, पाणी नाही. ऊन भाजतं, वारा झोडपतो. जगायची मारामार असली की पान तेल धरतं. खाऊनपिऊन सुखी झाड नुसतं सुटतं."

इराक्लिसने नकळत पोट आत ओढलं. हे सगळं तो कॉलेजात शिकला होता. त्या पेपरात तो पहिला आला होता.

"मग तीस वर्षं मी ओरेगानोला खत घाला म्हणत फिरलो, तेव्हा तुम्ही सगळे माना का डोलवत होता?"

"तू लांबून यायचास, उन्हातून. आणि खताचं पोतं फुकट मिळायचं."

"त्या पोत्यांचं काय केलंत?"

"टोमॅटोला घातलं. फार छान आले टोमॅटो."

इराक्लिस दगडावर बसला. आधी कान तापले, मग हसू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. निरोप समारंभात याच गावाने त्याला 'ओरेगानोचा आधारस्तंभ' असं कोरलेली तबकडी दिली होती. त्याने ती दिवाणखान्यात लावलीसुद्धा होती.

त्याच आठवड्यात त्याने नळ्या उपटल्या, काळी माती मावशींच्या टोमॅटोंना दिली आणि वाफ्यात खडी ओतली. निम्मी झाडं मेली. उरलेल्यांतून पुढच्या उन्हाळ्यात जेमतेम एक टोपली निघाली. मावशींनी एक पान चोळून हुंगलं आणि मग ती टोपली आपल्या गच्चीवर वाळवायला परवानगी दिली. मात्र त्यांनी उतारावरून आणलेल्या ओरेगानोच्या जुड्यांपासून लांबच्या कोपऱ्यात.