आईने वाचलेला नंबर

वकीलसाहेबांच्या जुन्या मोटारीची बॅटरी महिन्यात तिसऱ्यांदा उतरली, तेव्हा ते वैतागून माझ्या गॅरेजमध्ये आले. मी बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा व्होल्टेज रेग्युलेटर काढून टेबलावर ठेवला. त्याच्यावरचा नंबर गंजाने पार खाल्ला होता. मी हात टेकले.

तेवढ्यात आई माझा डबा घेऊन आली. सुट्या भागांच्या गोदामात तिने सत्तावीस वर्षं काढली होती. तिने चष्मा चढवला, नंबरावर खडू घासला आणि बोटाने पुसला. खाचांमध्ये पांढरे अंक उमटले.

"शेवटी एक्केचाळीस आहे. म्हणजे हा सहा व्होल्टचा. साहेब, तुमची गाडी बाराची ना?"

"हो. पण हा जुन्या बाजारातून आणून बसवला, तेव्हा दिसायला तर अगदी आधीच्यासारखाच होता हो!"

"जुळे भाऊही सारखेच दिसतात, म्हणून तर नाव विचारायचं," आई म्हणाली. "बाराचा तो बेचाळीस, तो लाव रे."

मी फळीवरून बेचाळीसचा शोधून बसवला. गाडी सुरू केली, तसा चार्जिंगचा काटा झरकन वर सरकला.

वकीलसाहेब बघतच राहिले. "मिस्त्री, या कोण?"

"माझी आई!" मी इतक्या मोठ्याने सांगितलं, की शेजारच्या वेल्डरनेही मान वर केली.