टेबलावरचे बैलाचे डोके

मी एक जुने, प्लास्टरचे गर्भाशय आहे. हसायचे असेल तर आत्ताच हसून घ्या, मित्रांनो. मी थांबते.

झाले? आता ऐका. माझ्या मनात बरीच वर्षे राग साठला आहे आणि आज मी तो गिळणार नाही.

शाळांसाठी माणसाचे धड बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. धडाचे झाकण उघडले की आत फुप्फुसे, हृदय, यकृत, जठर, आतडी. प्रत्येक अवयव सुटा निघे आणि पुन्हा आपल्या जागी बसे. साच्यातून निघाले तेव्हा मी तुमच्या मुठीएवढे होते, खरे असते साधारण तेवढेच. वर रुंद, खाली निमुळते. दोन बाजूंना दोन अंडवाहिन्या आणि त्यांच्या टोकांशी बदामाएवढी दोन अंडाशये. साचेवाल्या आजोबांची सून रंगकाम करत असे. मला हातात घेतल्यावर ती जरा घुटमळली. आजोबा म्हणाले, "लाजतेस काय? यकृताला मन लावून रंग दिलास ना? तसाच ह्यालाही दे. तू, मी, सगळे ह्यातूनच आलोय."

तिने मला इतका सुंदर गुलाबी रंग दिला की मी दिवसभर ताठ मानेने वाळत बसले होते.

मग एका शाळेत आमचे खोके उघडले. विज्ञानाच्या सरांनी धड जुळवले आणि मला माझ्या पितळी खुंटीवर बसवले. मूत्राशयाच्या मागे, मोठ्या आतड्याच्या पुढे, अगदी घट्ट. तेवढ्यात तिथले मुख्याध्यापक आले, वाकून पाहिले आणि खोकले.

"हे... हे कपाटात ठेवा. मुलं लहान आहेत."

"सर, आठवीची आहेत."

"मग तर नक्कीच ठेवा!"

झाले. मी कपाटात गेले. माझ्या शेजारच्या डब्यात मुलग्यांच्या शरीरातले भाग होते, वृषणे आणि शुक्रवाहिन्या. तेही माझ्याबरोबर कोंडले गेले. धडातली रिकामी जागा वाईट दिसते म्हणून त्यांनी तिथे कापूस कोंबला. हो, कापूस! वर्गाचा आवाज मला कपाटात ऐकू यायचा. एकदा कुणा मुलीने विचारले, "सर, इथे काय असतं?" सर म्हणाले, "इथे काही नसतं. पुढचा अवयव बघा."

काही नसतं! मित्रांनो, तुमच्यापैकी प्रत्येक जण नऊ महिने त्या 'काही नाही'मध्ये राहून आला आहे.

वर्षे गेली. नवे मुख्याध्यापक आले आणि कपाट आवरताना मी त्यांच्या हाती लागले. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा! बैलाचं डोकं! शिंगं बघा कशी डौलदार."

हेडक्लार्कांनी चष्मा वर सरकवला. "बैल वाटत नाही सर. शिंगांच्या टोकांना गोळे कसे?"

"टोचू नये म्हणून लावले असतील."

अशा रीतीने माझी अंडाशये 'टोचू नये म्हणून लावलेले गोळे' झाली आणि मी त्यांच्या टेबलावर पेपरवेट झाले. ज्याची लाज वाटली म्हणून मला कोंडले होते, तेच आता आल्यागेल्या प्रत्येकासमोर उघडे पडले होते. पालक यायचे, अधिकारी यायचे. कुणी मला ओळखले नाही. एका पाहुण्यांनी तर माझ्या नाकावरून हात फिरवून "जातिवंत आहे" असे कौतुकही केले. मला नाक नाही हो!

हे सगळे मी हसण्यावारी नेले असते. पण पुढचे नाही.

शाळेत एक मुलगी होती. लांब उडीत तिचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून सगळे तिला टोळ म्हणत. स्पर्धा तोंडावर आली होती. खेळाचे सर एक दिवस तिला ऑफिसात घेऊन आले. "सर, उतरणार नाही म्हणते. कारण विचारलं तर तोंड उघडत नाही."

"बोल की गं," मुख्याध्यापक म्हणाले. "तोंड शिवलंय का?"

टोळ माझ्याकडे बघत उभी राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "उडी मारल्यावर आत काहीतरी फुटलंय. कालपासून रक्त येतंय. थांबतच नाही."

"आईला सांगितलंस?"

"नाही. मी मरणार हे कळलं तर ती रडेल."

आणि मित्रांनो, त्या दोघांना कळले. मी टेबलावर होते, मी त्यांचे चेहरे पाहिले. एकाने पंख्याकडे बघितले, दुसऱ्याने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. एक वाक्य पुरले असते. 'मरत नाहीस बाळ, हे सगळ्या मुलींना होतं.' एवढेच. पण ते दोघांपैकी कुणालाच जमले नाही.

"ठीक आहे, ठीक आहे. घरी जा. सर, हिचं नाव खोडा."

ती वळली. माझे तळपट झाले असते तरी चालले असते, पण त्या क्षणी मला तोंड हवे होते! तिच्यापासून हातभर अंतरावर तिच्या प्रश्नाचे उत्तर कागदांवर वजन म्हणून बसले होते.

दारात तिची टक्कर विज्ञानाच्या नव्या बाईंशी झाली. बाईंच्या मुठीत कळकट कापूस होता.

"सर, धडातला एक भाग मिळत नाही. त्या जागी हे कोंबलं होतं." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "हे इथे काय करतंय?"

"ते? ते बैलाचं डोकं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला उचलले. टोळचे डोळे भरलेले होते. बाईंनी तिला काय झाले ते विचारले, तिने सांगितले, आणि बाईंनी मला तिच्या ओंजळीत ठेवले.

"हे गर्भाशय. हे तुझ्या पोटात आहे, माझ्याही आहे. हे दोन गोळे अंडाशयं. साधारण महिन्याला एक अंडं ह्यातून निघतं आणि ह्या नळीतून इथे येतं. बाळ राहिलं तर त्याला जागा हवी, म्हणून गर्भाशय आतून मऊ अस्तर तयार करतं. बाळ राहिलं नाही, तर ते अस्तर सुटतं आणि रक्ताबरोबर योनीवाटे बाहेर पडतं. थोडे दिवस येतं आणि आपोआप थांबतं. ह्याला पाळी म्हणतात. काहीही फुटलेलं नाही."

"बाई, इथे? आमच्यासमोर?" मुख्याध्यापक पुटपुटले.

"इथेच, सर. बसा. तुम्हीही ऐका."

टोळने नाक पुसले. "म्हणजे मी मरणार नाही?"

"मरशील की. नव्वदीची म्हातारी होऊन, नातवंडांना छळून."

"आणि उडी?"

"दुखत असेल तर थांब. नसेल तर खुशाल मार."

ती खेळाच्या सरांकडे वळली. "सर, खोडलेलं नाव परत लिहा."

दुसऱ्या दिवशी आठवीच्या पूर्ण वर्गासमोर तिनेच मला खुंटीवर बसवले. टक् असा आवाज आला. कपाटातल्या माझ्या साथीदारांचा डबाही उघडला गेला. आवाज फुटलेली, मिसरूड फुटू लागलेली मुलेही त्या दिवशी कान टवकारून बसली होती. त्यांनाही आजवर कुणी काही सांगितले नव्हते.

सगळे सुरळीत झाले असे वाटते का तुम्हाला? नाही. रोज संध्याकाळी कुणीतरी येते आणि माझ्यावर रुमाल टाकून जाते. कोण ते मला ठाऊक आहे, पण नाव घेत नाही. माझा राग एका माणसावर नाहीच, त्या रुमालावर आहे.

म्हणून एकच मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या शरीरात जे आहे त्याचे नाव स्वच्छ घ्या. धाकटी बहीण किंवा भाऊ घाबरून काही विचारेल, तेव्हा पंख्याकडे बघू नका.

टोळ रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येते. माझ्यावरचा रुमाल ओढते आणि त्याच रुमालाने माझी धूळ पुसते.